पॅनेलमध्ये उमटलेले गुडघे

मित्रांनो, दुपारपासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी सोलापुरात सोलर पॅनेल तपासते. उन्हापासून वीज करणाऱ्या पॅनेलला अंधाऱ्या खोलीत आपण उलट वीज दिली, की ते स्वतःच उजळतं. तो उजेड डोळ्यांना नाही, फक्त खास कॅमेऱ्याला दिसतो. आतून तडकलेला भाग काळा राहतो.

आज एका गोदामाच्या छतावरून काढलेलं पॅनेल तपासायला लावलं. आमचा फिटर श्रीनिवास गेल्या वर्षी त्याच छतावरून पडून वारला.

स्क्रीनवर शेजारीशेजारी दोन काळे गोल उमटले.

"मॅडम, गुडघं हायत की हे," माझे सहकारी इरण्णा हळूच म्हणाले. "श्रीनिवास हितंच टेकून बोल्ट आवळत असणार."

त्याचाच निष्काळजीपणा, असं तेव्हा सगळे म्हणाले. मी गप्प बसले. पण त्या छतावरच्या मांडणीचा नकाशा मीच काढला होता. पॅनेल जास्त बसावीत म्हणून मी चालायला वाटच ठेवली नव्हती.

आज अहवालात वाट न ठेवल्याचंच कारण लिहून सही केली. उद्या त्याच्या बायकोला भेटणार आहे. तिच्यासमोर सुरुवात कशी करू?