नानांचा कॉम्प्युटर आणि वकीलसाहेबांचा

आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही कितीही झाडा, संध्याकाळी परत तेवढेच! नुसतं आठवलं तरी दमायला होतं बुवा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. नगरला सावेडीत दिघे सरांचं ऑफिस, आणि तिथला एकुलता एक इंजिनियर मी. लोकांच्या वेबसाइट आमच्याकडच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या, हा धंदा. गिऱ्हाइकं चार. प्रत्येकाला सरांनी शब्द दिलेला, "तुमचा कॉम्प्युटर वेगळा!" वर नावाची पट्टीही चिकटवलेली.

पण ती चारही डबडी उन्हाळ्यात धापा टाकायची. शेवटी एक मोठा सर्व्हर आणला. त्याच्याच पोटात चार आभासी कॉम्प्युटर चालवायचे, आणि जुने भंगारात. गिऱ्हाइकांना काय सांगायचं? सर म्हणाले, "नंतर बघू." शब्द मोडला म्हणून दोघं जरी गेले असते, तरी ऑफिसला कुलूप लागलं असतं आणि मी घरी बसलो असतो.

*

हे सगळं सरांना समजावताना माझा घसा बसला.

"म्हणजे एका घरात चार बिऱ्हाडं?"

"हो सर. पण मध्ये भिंती आहेत."

"आणि नळ?"

"नळ, वीज, सगळं कॉमन."

सरांनी सुस्कारा सोडला. "मग भांडणं ठरलेली!"

*

साइट हलवायचं काम निघालं नेमकं गणपतीत. सकाळपासून कॉपी चालू, अगदी थोडंसं राहिलेलं, आणि लाईट गेली! मी निवांत. यूपीएस आहे ना! बघतो तर स्क्रीन काळीठिक्कर.

"सर, यूपीएस कुठाय?"

"अरे, मंडळाची पोरं घेऊन गेली. आरतीपुरता!"

माइकवरची आरती मात्र खणखणीत ऐकू येत होती. लाईट आल्यावर मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.

*

काष्टीचे नाना म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांची लिंबाच्या रोपांची नर्सरी. साइट हलवल्यावर त्यांचा फोन.

"आवो, आमची साइट उघडंना!"

"नाना, नेट फोनच्याच लाईनवरनं येतं. फोन ठेवा, म्हणजे नेट लागेल."

"आन् फोन ठिवल्यावर, दिसतंय का न्हाई हे तुमाला सांगू कसं?"

मी कपाळाला हात लावला.

*

एक गोष्ट मात्र आम्ही दोघं साफ विसरलो होतो. दसरा! दर दसऱ्याला नाना आणि नगर कोर्टातले एक वकीलसाहेब आपापल्या कॉम्प्युटरची पूजा करायला हौसेनं यायचे.

"नानांना सकाळी बोलावू, वकीलसाहेबांना दुपारी," सर म्हणाले. "दोघांनाही फोनवर सांगतो, नवा मोठा कॉम्प्युटर तुमचाच. मधल्या वेळात हार काढून टाक."

पण नानांची एसटी वाटेत बंद पडली! दुपारी घामाघूम होऊन पोचले, सर्व्हरला झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला, आणि दारात वकीलसाहेब उभे. त्यांच्याही हातात हार.

"अहो नाना, हा माझा कॉम्प्युटर आहे!"

"तुमचा कसा? सरांनी मला दाखवलाय. ह्यो माजा हाय!"

दोघांनी सरांकडे बघितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बोलून गेले, "डबा एकच आहे. आत कॉम्प्युटर चार. मध्ये भिंती आहेत..." संपलं, म्हटलं. गेली गिऱ्हाइकं आणि गेली नोकरी!

नानांनी सर्व्हरवर बोटानं टकटक करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे वकीलसाहेब, आपन भाऊबंद झालो की!"

त्यांनी ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि सर्व्हरवर वरपासून खालपर्यंत लालभडक रेघ ओढली.

"ह्यो बांध. इकडं मी, तिकडं तुमी."

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, खाली वाकले, रेघ नीट निरखली.

"नाना, बांध दोन बोटं माझ्याकडे सरकलाय!"