उम्म सालेम आणि आमचे साडू

ज्या पाखरांना हाकलण्यात माझं सगळं लहानपण गेलं, त्याच पाखरांच्या पाया पडायला दर शुक्रवारी पहाटे मला वाळवंटात ओढून नेणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सोलापूरकडे माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. ज्वारी हुरड्याला आली की माझी आणि आईची नेमणूक शेतातल्या माळ्यावर. हातात गोफण, तोंडात 'हुर्रर्र हाऽऽ', आणि संध्याकाळी घसा असा बसायचा की भाकर मागायलाही आवाज फुटायचा नाही. कणसावर बसलेलं पाखरू म्हणजे आमच्या पोटावर बसलेलं पाखरू. त्या माळ्यावरून उतरून मी कॉलेजात गेलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि दोहामध्ये अकाउंट्सच्या खुर्चीत बसलो. हे मी सगळ्यांना सांगतो. सांगायलाच पाहिजे. साडूंनाही पहिल्याच भेटीत सांगितलं. माणूस गहिवरेल अशी अपेक्षा होती. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "कोणती पाखरं होती हो? भोरड्या की मुनिया?"

"चोर होती," मी म्हणालो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याचे, इंजिनिअर, राहायला अल रय्यानला. गाडी मोठी, पण ती त्यांनी कधी धुतली नाही, कारण चकचकीत गाडीला पाखरं बुजतात म्हणे. शेवटी बेवारस समजून काचेवर उचलून नेण्याची नोटीस लागली, तर यांना आनंद! "बघा साडूभाऊ, माणसांनासुद्धा ती दिसेनाशी झाली." कपडे वाळूच्या रंगाचे, टोपी वाळूच्या रंगाची, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईंनी, हौसेनं आणलेला निळा शर्ट 'पक्षीविरोधी' म्हणून कपाटात. मला मात्र गुरुवारी रात्री लसणाची चटणी बंद. मी एकदा विचारलं, "पाखरांना एवढ्या लांबून वास येतो?" तर म्हणाले, "छे! मला येतो. गाडीच्या काचा बंद असतात."

आमच्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या. लोक पाहुण्यांना समुद्रकाठी नेतात, उंच इमारती दाखवतात, बाजारात फिरवतात. साडूंनी त्यांना सांडपाण्याच्या तळ्यावर नेलं. तिथे रोहित पक्षी उतरतात, गुलाबी गुलाबी, शेकड्यांनी. सासूबाईंनी नाकाला पदर लावला तो खाली घेतलाच नाही. "जावईबापू, हे बघायला मी विमानात बसले?" आणि साडू दुर्बीण पुढे करत म्हणतात, "आई, वासाकडे लक्ष देऊ नका, पायांकडे बघा."

आमच्या अल हिलालच्या फ्लॅटवर गणपतीची आरती चालली होती. ऐन रंगात साडूंनी घंटा थांबवली आणि हात वर केला. "शू! ऐका!" सगळे स्तब्ध. आमच्या शेजारच्या काकूंनी तर डोळे मिटून हात जोडले, त्यांना वाटलं याला काही साक्षात्कार झाला. झाला होताच. बाल्कनीतल्या एसीच्या खोक्यावर तुरेवाला हुदहुद पक्षी येऊन बसला होता. बाप्पा राहिला मखरात आणि निम्मी मंडळी बाल्कनीत.

पण हे सगळं परवडलं. ज्याच्यापायी माझे सुट्टीचे शुक्रवार गेले ते पाखरू वेगळंच. वाळवंटातला एक चंडोल, अंग मातकट, चोच लांब आणि वाकडी. जमिनीवर असला तर तुमच्या पायाशी असून दिसायचा नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्यातला नर बासरीसारखी शीळ घालत झुडपावरून सरळ वर चढतो, वर गेला की पंख उघडून कोलांटी मारतो आणि गटांगळ्या खात खाली येतो. त्या कोलांटीचा फोटो साडूंना हवा होता. "हे सगळं कशासाठी?" मी विचारलं. "मादीसाठी." "मग तिलाच बघू द्या की!"

दर वर्षी काहीतरी व्हायचं. एकदा नेमक्या क्षणी ताईंचा फोन आला, येताना कोथिंबीर आणा म्हणून. एकदा वादळ उठलं. आणि गेल्या वर्षी मी. चंडोल वर चढायला लागला होता, साडू श्वास रोखून पालथे पडले होते, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावरून चिमण्यांचा एक थवा सपकन गेला. माझा हात आपोआप वर गेला आणि घसा उघडला, "हुर्रर्र हाऽऽ!" चंडोल गेला, चिमण्या गेल्या, लांबवर चरणाऱ्या उंटांनी माना वर केल्या. यात माझा दोष मी मानत नाही. माळ्यावरची सवय पदवीनं जात नाही. साडूंनी मुकाट्यानं लेन्स पुसली आणि निम्मा रस्ता कापल्यावर म्हणाले, "आवाज मात्र खणखणीत आहे हो तुमचा."

यंदा त्यांचा प्रोजेक्ट संपला. मार्चअखेर कायमचं परत जायचं ठरलं. ताईंचा मला फोन. "तुम्ही तरी सांगा हो यांना. घरभर खोकी पडलीयत आणि हे पाखरू पाखरू करतायत." मी चांगलं खडसवायचं ठरवून गेलो. साडू एका बांधलेल्या खोक्यावर बसले होते. म्हणाले, "पुण्यात हा पक्षी नाही, साडूभाऊ. आणि मी इथे परत कशाला येणार? या शुक्रवारी मिळाला तर मिळाला. नाहीतर राहिलाच."

खडसवायला आलेला मी म्हणालो, "किती वाजता निघायचं?"

उजाडताना पोचलो. साडू वाळूत पालथे पडले, मी मागे बसलो. झुडपातून शीळ सुरू झाली. आणि तेवढ्यात एक लँड क्रूझर धुरळा उडवत आमच्याकडेच आली. शीळ बंद. आतून पांढऱ्या झग्यातला एक कतारी तरुण घाबराघुबरा उतरला आणि साडूंकडे बोट दाखवून म्हणाला, "डेड?"

"नो, नो! ही इज गुड," मी धावत जाऊन समजावलं. "बर्ड शूटिंग!"

आपल्याकडे लग्नाचंही शूटिंग असतं, बारशाचंही. त्याचा मात्र चेहराच बदलला. "शूटिंग? ममनू!" म्हणजे बंदी आहे. त्यानं फोन काढला. माझ्या डोळ्यांपुढे पुण्याचं विमान जाऊन पोलीस ठाणं आलं. वाळूतून साडू फुसफुसले, "काय चाललंय तिकडे? गप्प बसवा त्याला!"

"तुम्ही मेलात असं वाटलं त्याला!"

"मग मेलो म्हणून सांगा, पण हळू!"

मी हवेत कॅमेऱ्याचं बटण दाबून दाखवलं, तोंडानं शीळ घातली, बोट गोल फिरवत वर नेलं आणि गटांगळ्या खात खाली आणलं. एवढा शिकलेला माणूस मी, वाळवंटात पाखराची नक्कल करत होतो. तरुण बघत राहिला आणि एकदम हसला. "उम्म सालेम!" सालेमची आई. या पाखराचं इकडचं नाव ते. त्यानं इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग शीळ आली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मुंगी चावत होती, चावू दिली. पाखरू वर चढलं, आणखी वर, आणि उलटं झालं. कॅमेरा टकटकला.

साडू उठून बसले. पडद्यावर बघत राहिले. मग कॅमेरा आधी त्या तरुणाला दाखवला, मग मला. "माशाल्ला," तरुण म्हणाला. साडू फक्त म्हणाले, "आला." एरवी चिमणीवरसुद्धा अर्धा तास बोलणारा हा माणूस अल रय्यान येईपर्यंत सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. घराच्या दारात एवढंच म्हणाला, "गंमत बघा, कोलांट्या बाप मारतो आणि नाव आईचं."

"वर जाऊन ताईंना सांगा," मी म्हणालो. "त्या म्हणतील, बरोबरच आहे."

आता शुक्रवारी पहाटे कुणाचा फोन येत नाही. बायको म्हणते, झोपा निवांत. मी झोपतोही. पण ज्याच्याशी मनापासून भांडावं असं माणूस इथे दुसरं उरलं नाही, ही मोठी गैरसोय झाली आहे. फोटो मात्र उत्तम निघाला. पाखरू हवेत उलटं आहे, पंख पूर्ण उघडे आहेत, त्यांवरचे काळे-पांढरे पट्टे लख्ख दिसतात. इतकी वर्षं साडूंना जे हवं होतं, ते कतार सोडण्याआधी त्यांना मिळालं.