ओट्यामागची भिंत

"आधी बघू, मग झाकू," म्हणत काका भिंतीवर तळवा ठेवायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटायचे. इंग्लंडात, लेस्टरमधल्या आम्हा मराठी घरांचे ते गॅस इंजिनियर. सगळं पुन्हापुन्हा तपासून समोरच्याचा जीव खाणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

दाब मोजायच्या नळीतलं पाणी जागचं हललं नाही, तरच ते चहाला हो म्हणत. झाकण्याआधी पाइपशेजारी मापाची टेप धरून फोटो काढत आणि घरच्या बाईंना पाठवत. "उद्या शेल्फ ठोकाल, तेव्हा हा बघा." आम्ही त्यांना हसायचो. मी जरा जास्तच.

आमच्या नव्या किचनचा पाइप त्यांनीच बसवला. गुरुवारी त्याभोवती प्लास्टर भरायचं आणि टेस्ट घ्यायची, असं ठरलं. पण शनिवारी वास्तुशांत होती, गुरुजी सांगून ठेवले होते, आणि पाहुण्यांना उघडी भिंत दाखवायची मला लाज वाटत होती. बुधवारीच मी स्क्रू मारून प्लास्टरबोर्ड बसवला आणि भिंत झाकून घेतली.

गुरुवारी काका आले. "बोर्ड काढा."

"अहो काका, परवा पूजा आहे. टेस्ट करून टाका ना."

"टेस्ट आज पास होईल हो. पण आत पोकळी राहिलीय. पुढे लीक झालं तर गॅस तिथे साचत राहील. आणि स्क्रू कुठे घुसलेत ते मला दिसत नाहीये."

"तुम्हाला हल्ली दिसतंच काय?" मी बोलून गेलो. बायको चपापली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पिशवी उचलली. "मी गॅस सुरू करणार नाही," एवढंच म्हणून ते गेले.

पूजेचं जेवण बाहेरून आणलं. सोमवारी दुसरा इंजिनियर आला. त्यानेही आधी बोर्डच काढायला लावला. एक स्क्रू पाइपमध्ये घुसून, स्वतःच पाडलेलं भोक बुजवून बसला होता. तो कधी सैल झाला असता, कोण जाणे.

काकांना फोन करायला हवा होता. कोणत्या तोंडाने करणार? आज करू, उद्या करू म्हणत दोन महिने घालवले. शेवटी पेढे घेऊन त्यांच्या घरीच गेलो. दार त्यांच्या इथेच वाढलेल्या मुलीने उघडलं. काका हॉस्पिटलमध्ये होते आणि गेल्याच आठवड्यात गेले, असं तिने सांगितलं. मी पेढ्यांचा डबा पाठीमागे धरला आणि नाव सांगितलं.

"ओह, ते किचनवाले? बाबा रोज विचारायचा, त्यांची फोन आली का. खूप वरी करायचा. तुम्ही ती वॉल ओपन केला?"

"हो. लगेच केली."

"मग त्याला सांगायचं ना," ती म्हणाली.