आप्पांनी टाकलेली वायर

कारखान्यांच्या गेटवर मी पत्रकं वाटते. ‘सुरक्षा ही भीक नाही, हक्क आहे!’ असल्या ओळी मला झोपेतही लिहिता येतात. आणि अंथुर्ण्यात, आमच्याच शेडमध्ये, माझ्या वडिलांनी मी बनवलेलं सुरक्षा सर्किट वायरीचा तुकडा टाकून मुकं केलं होतं!

आप्पा ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न बनवतात. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन घेतलं. एकदा कॉम्प्युटर हँग झाला, कटर मात्र फिरतच राहिला; आप्पांचा हात बोटभर अंतरावर. डाव्या हाताची दोन बोटं नोकरीतच अर्धी झालेली. म्हणून मी चार्ज पंप जोडला. कॉम्प्युटरनं सारखे विजेचे ठोके पाठवायचे, त्यावर कपॅसिटर भरलेला राहतो, आणि तो भरलेला असेपर्यंतच रिले नावाचा स्विच कटरला वीज देतो. ठोके थांबले की कटर बंद.

रिलेला वळसा घालून कटरला थेट वीज देणारी ती वायर दिसली तशी मी सुरूच झाले. आप्पांनी रंधा खाली ठेवला.

“झालं भाषण? का घोषणा बी हायेत?”

“राहिलेली बोटं बी घालवायची हायेत का?”

“तुझं सर्किट दिवसातनं चार डाव बंद पडतंय. पॅटर्नवर खाच पडती. ती काय पत्रकानं भरू?”

कामगाराला दोष देण्याआधी त्याचं काम बघा, हे मीच छापलेलं. स्टूल ओढून बसले. कटर चालू असताना आप्पा मधेच माऊस धरत, ड्रॉइंग मोठं करत आणि स्क्रीनला नाक लावून बघत. तेवढ्यात जुना कॉम्प्युटर अडखळे, ठोके चुकत, आणि माझा इवलासा कपॅसिटर रिकामा होऊन रिले टक् करून सुटे. वायरीमुळं कटर तेवढा चालू राही.

“आप्पा, दिसत न्हाय का?”

“दिसतंय की.” मग डोळे चोळत, “आकडं तेवढं पुसट.”

सगळ्या तालुक्याच्या बोटांची काळजी मला. घरातले डोळे दिसले नव्हते.

कपॅसिटर थोडा मोठा घातला. अडखळणं सोसेल, हँग होणं नाही. बारामतीहून ड्रॉइंग मोठं छापून आणून भिंतीला लावलं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

मग आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वायर सोडवली, कटर चालू केला आणि स्वतःच कॉम्प्युटरची केबल उपटली. टक्. कटर घरघरत थांबला. त्यांनी ती वायर माझ्या हातात दिली आणि दोन्ही पंजे पुढं धरले.

“घे, मोज बोटं.”

मी खरंच मोजली.