भांडणाचा हेवा

पिठाच्या गिरणीत डब्यांच्या रांगेवरून बायका भांडताना पाहिल्या की मला त्यांचा हेवा वाटतो.

चार वर्षांपूर्वी माझ्यावर बलात्कार झाला, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून माझ्याशी कुणी भांडत नाही. मी आले की आवाज खाली येतात, डबे बाजूला सरकतात, "तू घे गं आधी." याच रांगेत मी पूर्वी तावातावाने भांडायचे. भांडायला समोरचं माणूस धडधाकट वाटावं लागतं. कुणी आवाज चढवला तर मी काय मोडून पडणार आहे?

परवा गल्लीत नव्याने राहायला आलेली एक बाई रांगेत होती. माझा डबा पुढे सरकवलेला पाहून ती कडाडली, "ओ ताई, आम्ही काय वेड्या म्हणून उभ्या आहोत?" माझ्या अंगात तरतरी आली. मी तोंड उघडणार, तोच शेजारची बाई तिच्या कानाशी कुजबुजली. तिचा चेहरा पडला.

"घ्या तुम्ही," ती हळूच म्हणाली.

मी डबा उचलला आणि तिच्या डब्यामागे आदळला.

"नंबर तुमचाच आहे," मी म्हटलं. "मघाशी बोललात ना, तसंच बोला माझ्याशी."