गिरधरभाऊंची सरकती काच

गिरधरभाऊ जळगावात खिडक्या-दारं करायचे तोवर माणूस बरा होता. पण सुरतेला साडूकडे राहून आले, तिथल्या दुकानांच्या सरकत्या काचा पाहिल्या, आणि परतल्यावर पाटीवर नावापुढे ‘डिझायनर’ लिहून घेतलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आडनाव बदललं.

पहिलं मोठं काम मिळालं धुळ्याच्या रुपचंदशेठचं. साड्यांचं दुकान, समोर पूर्ण रुंदीची काच, खाली अॅल्युमिनियमचा रूळ, त्यावर चाकं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर उद्घाटन. सावद्याचे तोतारामशेठ मुद्दाम बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली तर तिकडच्या दुकानांचं काम आपलंच, या आशेवर गिरधरभाऊंनी नवा सफारी शिवून घेतला.

रूळ जमिनीसपाट बसवायला त्यांनी काळ्या दगडाचा जुना उंबरठा उखडून टाकला. शेठच्या आई, इंदिराबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि थबकल्या.

“गिरधर, उंबरठा कोठे शे रे?”

“अक्का, काचेच्या दुकानाला उंबरठा नसतो. जुन्या कल्पना आहेत त्या.”

“मंग लक्ष्मी पाय कोठे ठेवी?”

“ती सरळ आत येते, अडखळत नाही.”

देवाला काचेचं वावडं नसतंच. पण पाय टेकायला जागा असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. वाद न घालता त्यांनी रुळालाच हळदकुंकू वाहिलं.

अखाजीच्या सकाळी काच बंद करून ठेवली होती. बाहेर साड्या घ्यायला आलेल्या बायका, पुढे तोतारामशेठ. अक्कांनी नारळ गिरधरभाऊंच्या हाती दिला.

“तूच फोड. काम तुनं शे.”

गिरधरभाऊंचा ऊर भरून आला. नारळ डोक्याला लावला, डोळे मिटले, वाकले, आणि जन्मभर जिथे फोडत आले तिथेच हाणला. म्हणजे उंबरठ्याच्या जागी. म्हणजे स्वतःच्या रुळावर.

नारळ छान फुटला. रूळही छान वाकला.

“आता बघा,” म्हणत त्यांनी काचेला बोट लावलं. काच हलेना. हात लावला. खांदा लावला. सफारी पाठीवर उसवला.

“गिरधरभाऊ,” तोतारामशेठ म्हणाले, “ही सरकती आहे ना, की नुसती बघायची?”

बायका फिदीफिदी हसल्या. “आमी उद्या येऊत का?” एकीने विचारलं. मुहूर्त टळायला लागला तसा रुपचंदशेठचा चेहरा साडीच्या लाल काठासारखा झाला. शेवटी चार हमाल बोलावले, काच उचलून भिंतीशी उभी केली. बायका धडाधड आत शिरल्या. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

गिरधरभाऊ पायरीवर बसले होते. प्रत्येकाला सांगत होते, “रुळाचा दोष नाही. नारळच कडक होता.”

दुपारी तोतारामशेठ शेजारी टेकले. “काच मला आवडली. पण माझी आई तुमच्या अक्कांपेक्षा कडक आहे. काय करता बोला.”

भाऊंनी खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि दुकान रेखायच्या आधी दाबून, जाड उंबरठा काढला. रूळ त्याच्या आत, हातभर अंतरावर.

“शेठ, डिझाइनमध्ये मुळात हेच महत्त्वाचं असतं,” ते गंभीरपणे म्हणाले. “लोकांना कळत नाही.”