तीस अक्षरांची ओळ

आबांना कुणाचंही नाव सांगा, ते आधी मोजायचे. समोरचा हात जोडून उभा असायचा आणि आबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. "इंग्रजीत चोवीस. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून," एवढं झालं की मग नमस्कार. लोकांना वाटायचं, म्हातारा ज्योतिष बघतो. एकाने तर दुसऱ्या दिवशी मुलीची पत्रिका आणून पुढे ठेवली होती.

ज्योतिष कसलं, कपाळ! आबा धुळ्याच्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचे, ओळ भरायची, मग वाचून बघायची. पुढे मालकाने ऑफसेट आणलं, खिळे भंगारात गेले आणि पन्नाशी उलटलेले आबा जळगावला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. दुकान म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या, एक मशीन, एक खडखडणारा प्रिंटर, शेठ आणि मी. संस्थांच्या याद्या आणि पत्ते आम्ही छापून द्यायचो. प्रोग्रॅम मी बेसिकमध्ये लिहायचो, छापलेलं आबा वाचायचे आणि गठ्ठ्यावर 'तपासले' म्हणून सही करायचे. "माझ्या सहीखाली आजवर एक चूक बाहेर गेलेली नाही," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हे रोज ऐका.

रोज ऐकावं लागलंच. पण दोन महिन्यांत हा माणूस माझ्या खुर्चीला स्टूल लावून बेसिक शिकायला बसला. आकडेमोडीत त्यांना गोडी नव्हती. "आकडे तू बघ. अक्षरांचं मला दाखव." लेन म्हटलं की लांबी मिळते, लेफ्ट म्हटलं की डावीकडून हवी तेवढी अक्षरं कापून मिळतात, मिड म्हटलं की मधली उचलता येतात, हे कळल्यावर ते स्टुलावरून उठूनच उभे राहिले आणि तोंडातून थेट अहिराणी निघाली. "हे तर बठ्ठं, सगळं आमचंच काम शे!"

एकदा त्यांनी नाव आणि आडनाव अधिकच्या चिन्हाने जोडलं. पडद्यावर दोन्ही एकमेकांना चिकटून आले. मी खो खो हसलो. आबा हसले नाहीत. "मध्ये कोरा खिळा राहिला ना भाऊ. मोकळी जागा बी अक्षरच शे." छापखान्यात कोरी जागा म्हणजेही शिशाचा तुकडाच, हाताला लागणारा. मी डिप्लोमावाला दीडशहाणा. ही गोष्ट मला कुणी अशी सांगितलीच नव्हती.

आम्ही दोघं पिंप्राळ्याला राहायचो, म्हणून संध्याकाळी ते माझ्या स्कूटरवर मागे बसायचे. रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या मोजायचे. एका किराणा दुकानाच्या पाटीवर पेंटरला जागा पुरली नव्हती आणि मालकाचं आडनाव अर्ध्यातच संपलं होतं. आबांना ती पाटी रोज छळायची. एक दिवस उतरले आणि सरळ दुकानदाराला विचारून आले. त्या बिचाऱ्याच्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. परत बसताना मला म्हणाले, "कापायचं असेल तर विचारून काप. ज्याचं आहे त्याला विचार." मी म्हटलं, "आबा, फाटक उघडलं."

आता खरं ते सांगतो. इतकी वर्षं टाळलं.

एका शिक्षणसंस्थेचं काम आलं होतं. शिक्षकांच्या मुलाखतीची बोलावणी जायची होती आणि आम्हाला पाकिटांवर चिकटवायचे पत्ते छापायचे होते. यादी आबांनी आदल्या दिवशी शब्द न् शब्द वाचली होती. पण चिकटपट्ट्या निघाल्या अरुंद. एका ओळीत तीसच अक्षरं मावत होती आणि लांब पत्ते शेजारच्या पट्टीवर सांडत होते. खाली संस्थेचा माणूस रिक्षा थांबवून बसलेला, टपाल त्याच दिवशी जायचं. दोन ओळी करायच्या तर तासभर गेला असता. मी लेफ्ट लावला, तीस म्हटलं, सगळं कसं छान बसलं. बरेचसे पत्ते आखूडच होते, त्यांना धक्काही लागला नाही.

आबा गठ्ठा घेऊन वाचायला बसले. मी म्हटलं, "काल वाचलीत तीच यादी आहे हो. सही करा, माणूस खोळंबलाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काही कापलं नाहीस ना?"

"नाही हो आबा."

"तू म्हणतोस म्हणून," म्हणाले आणि सही केली.

तीन आठवड्यांनी एक मुलगी आणि तिचे वडील जिना चढून आले. गाव पिंपळगाव, तालुका साक्री. पिंपळगावं आपल्याकडे कमी आहेत का? तिच्या पत्त्यातला तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं तिसाव्या अक्षरानंतर गेलं होतं. पत्र दोन वेगळ्या पिंपळगावांचे शिक्के खाऊन तिला मिळालं, तोवर मुलाखती उरकल्या होत्या. संस्थेने सांगितलं, पत्ता ज्यांनी छापला त्यांना विचारा. वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरगी वर्गात पहिली आली होती हो साहेब." असे आणखी किती जण असतील, कोण जाणे.

आबांनी पाकीट हातात घेतलं. अंगठा पेरांवरून फिरला. तीसवर थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी प्रिंटरचा कागद नीट करायला लागलो. अहो, कागद नीटच होता!

"सही मनी शे, माझी," आबा त्या वडिलांना म्हणाले. "चला, मी येतो."

संस्थेत ते दिवसभर बसून राहिले. तिथला साहेब म्हणाला, चूक कुणाची ते लेखी द्या, मग बघू. आबांनी तिथेच कागद मागून लिहून दिलं: पत्ते मी न वाचता सही केली, चूक माझी. मुलीची मुलाखत झाली, एवढं ते आल्यावर म्हणाले. शेठ तसा भला माणूस. "एवढं काय आबा, होतं असं," म्हणाला. आबा ऐकेनात. ज्याच्या सहीखाली चूक गेली त्याने पुन्हा 'तपासले' लिहू नये, हा त्यांचा छापखान्यातला कायदा. महिना भरून ते धुळ्याला निघून गेले. मी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर होतो. माझी नोकरी कच्ची होती, लग्न ठरत होतं, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज ती कुणाला सांगायचीही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात मी पत्त्यांचा तोच प्रोग्रॅम चालवला. दहा-बारा पत्ते छापून झाले आणि प्रिंटर थांबला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: 'पत्ता मोठा आहे. विचारून काप.' लेफ्टच्या आधी आबांनी दोन ओळी घुसवल्या होत्या. लांबी तीसच्या वर गेली की थांब. म्हणजे जाण्याआधी त्यांनी प्रोग्रॅम उघडला होता, माझी ओळ वाचली होती, आणि कुणाला काही न सांगता ती दुरुस्त करून ठेवली होती. विचारायचं कुणाला?

धुळ्याला जायला मला चार वर्षं लागली. जळगाव-धुळे, एस्टीने असं काय अंतर आहे! आबांनी शेव-भाजी खाऊ घातली, माझ्या मुलाचं नाव विचारलं, मोजलं. छापखान्याच्या गोष्टी झाल्या, शेठची चौकशी झाली. मी जे बोलायला गेलो होतो, ते जेवणानंतर बोलू, चहानंतर बोलू, असं करत स्टँड आला. गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. खालून आबा म्हणाले, "ओळी दोन केल्यास का रे?"

चार वर्षं वाट बघून माणसाने दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "केल्या, आबा." ते खूश झाले. "बेस," म्हणाले. गाडी हलली.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

आता मीही नावं मोजतो. बायको वैतागते. आणि कधीकधी त्या खिडकीतून मी जे बोलायला हवं होतं, तेही पेरांवर मोजून बघतो. 'आबा, चुकलो'. स्वल्पविराम आणि मोकळी जागा धरून सात. तीसच्या ओळीत आरामात मावलं असतं.